गोळी न चुकवणाऱ्या वैनी

वैनी आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. एचआयव्हीच्या उपचार केंद्रात माणसे कशी येऊन बसतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे कळेल. तोंडाला रुमाल, नजर जमिनीकडे, ओळखीचे कोणी दिसले की लगेच पाठ फिरवायची. नाव पुकारले तरी उठायला माणूस घुटमळतो. अशा त्या हॉलमध्ये फाटकापासूनच वैनींचा आवाज यायचा. तलावाच्या पल्याड गेलेल्या म्हशीला अलीकडून हाक मारून कमावलेला आवाज तो. हळू बोलणे त्याला जमतच नसे. दारात उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून त्या सगळ्या रांगेला विचारायच्या, "आरं, मयतीला आल्यागत का बसलाय सगळी? औशिद न्यायला आलाय न्हवं? मग बोला की काय तरी!" पहिल्यांदा लोक दचकायचे. पुढे पुढे मात्र वैनींची तारीख कोणती ते विचारून आपलीही तारीख त्याच दिवशी मागून घेणारे निघाले.

त्या शहराला लागूनच असलेल्या कळंब्याच्या. घरचा गोठा, त्यात सहा-सात म्हशी. वय तिशीच्या थोडे पुढे. नवरा खोकून खोकून दवाखान्यात आला तेव्हा टीबी निघाला, टीबीच्या मागे एचआयव्ही निघाला, आणि मग वैनींची तपासणी केली तर त्यांच्याही रक्तात तो होता. दोघांच्या गोळ्या एकाच दिवशी सुरू झाल्या. नवऱ्याला फार उशीर झाला होता. तो वाचला नाही. मूलबाळ नव्हते. मागे राहिल्या सासूबाई, धाकटा दीर आणि वैनी. त्यांचे खरे नाव आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण रांगेतल्या कोणा एकाने 'वैनी' म्हणून हाक मारली आणि तेच चिकटले.

मी त्या केंद्रात बसत नसे. मी त्याच शहरातल्या राजारामपुरीत वाढलेली, शिक्षण बाहेर करून परत आलेली, आणि केंद्रातून येणाऱ्या रक्ताच्या नमुन्यांमधल्या विषाणूचा जनुकीय क्रम वाचणे हे माझे काम. हा विषाणू स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो. त्या चुका ओळीने वाचल्या, की दोन गोष्टी कळतात: कोणते औषध त्याच्यावर चालेनासे झाले आहे आणि कोणाचा विषाणू कोणाच्या विषाणूच्या जवळचा आहे. आमच्या प्रकल्पात उपचार सुरू होण्याआधीच प्रत्येकाचा एक नमुना घेऊन, परवानगीने, गोठवून ठेवत असू. वैनींचाही होता. प्रत्यक्ष भेट होईपर्यंत माझ्यासाठी त्या म्हणजे नळीवरचा एक क्रमांक होत्या.

त्यांची माझी गाठ पडली ती एका भांडणामुळे. गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झाले तरी त्यांच्या रक्तातल्या विषाणूंची संख्या खाली येत नव्हती. उलट वाढत होती. असे झाले की केंद्रातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. समुपदेशक शुभांगीताई मनाच्या फार चांगल्या, पण त्यांनीही तोच विचारला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारला, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. "गोळ्या चुकतात का हो कधी? खरं सांगा, मी रागावणार नाही."

तिसऱ्या खेपेला वैनी उखडल्या. "म्हशीची धार एक दिस चुकली तर काय हुतंय, ठावं हाय तुमास्नी? कास दगडागत हुती. आठ वरसं झाली, माझी धार चुकली न्हाय. दादला मेला त्या दिवशीबी मी गोठ्यात गेलतो. संध्याकाळची धार झाली की हात धुतो आन गोळी घेतो. आन मी चुकवतो व्हय?" आमच्याकडच्या बायकांप्रमाणे 'घेतो, जातो' असेच त्या बोलत. शुभांगीताईंनी नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ वैनींना कळला. डॉक्टरांनी नमुना आमच्याकडे पाठवायचे ठरवले, तर वैनी नमुन्याच्या पेटीबरोबरच जिना चढून वर आल्या. "माझं रगात कुटं नेताय, ते मला बघायचं हाय."

प्रयोगशाळेत त्यांना आत घेता येईना. काचेबाहेर उभे राहून त्यांनी सगळे पाहिले आणि मग माझ्या संगणकाशी स्टूल ओढून बसल्या. पडद्यावर दुसऱ्याच कोणाच्या तरी विषाणूच्या जनुकांची चार अक्षरे निरनिराळ्या क्रमाने ओळीच्या ओळी पसरली होती. "हे कोण म्हनायचं?" त्यांनी विचारले. हा विषाणू, मी म्हटले. त्यांनी पदर सावरला, पडद्याकडे वाकून पाहिले आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारावे तसे विचारले, "काय पावणं, गाव कंचं?" माझ्या बरोबरचे दोघे खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. खरे तर आमच्या अर्ध्या कामाचे इतके चपखल वर्णन मला कोणी करून दाखवले नव्हते. त्या दिवसापासून कोणताही नवा क्रम पडद्यावर आला, की आमच्यातला कोणीतरी त्याला गाव विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

वैनींचा निकाल मी दोनदा पाहिला आणि मग जुना, गोठवून ठेवलेला नमुना बाहेर काढून तोही वाचला. गोष्ट अशी होती. त्या रोज जी गोळी घेत त्यात तीन औषधे एकत्र असत. त्यांतले एक औषध त्यांच्या विषाणूवर चालणारच नाही, अशी खूण जुन्या नमुन्यात पहिल्यापासूनच होती. म्हणजे वैनींच्या शरीरात येण्याआधी, कोणा अनोळखी माणसाच्या रक्तात तो ते औषध पचवायला शिकून आला होता. नव्या नमुन्यात आणखी एक खूण उमटली होती, ती त्याच गोळीतल्या दुसऱ्या औषधामुळे येणारी. औषध पोटात जात असते तोवरच ही खूण सहसा ठळक राहते. गोळ्या थांबवल्या की थोड्या आठवड्यांत मागे पडते. वैनींच्या रक्तात ती स्वच्छ, लख्ख दिसत होती. गोळ्या टाकून देणाऱ्या बाईच्या रक्तात ती तशी दिसलीच नसती.

मी तो निकाल घेऊन केंद्रात गेले. शुभांगीताईंना सगळे समजावून सांगितले.  त्या उठून बाहेर हॉलमध्ये वैनींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "वैनी, तुमच्या गोळ्या चुकल्या नव्हत्या. आमचं चुकलं."

"ऐकू आलं न्हाय," वैनी म्हणाल्या.

"तुमच्या गोळ्या चुकल्या नव्हत्या."

"रांगंत शेवटचा बसलाय त्येला ऐकू गेलं पायजे."

शुभांगीताईंनी इकडेतिकडे पाहिले. त्या हॉलमध्ये मोठ्याने बोलायचे नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवले होते. मग त्यांनी श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "वैनींनी एकही गोळी चुकवलेली नाही!" रांगेतला शेवटचा माणूस म्हणजे एक म्हातारबा होते. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली केला आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.  पदराने नाक पुसत वैनी नुसत्याच मान हलवत राहिल्या.

औषधे बदलली. आणखी एक झाले, आणि ते मला फार मोलाचे वाटते. वैनींच्या विषाणूवरची ती जुनी खूण आम्ही साठवलेल्या बाकीच्या नमुन्यांत शोधली, तर एकमेकांच्या जवळचे आणखी काही विषाणू तीच खूण घेऊन बसलेले सापडले. त्या माणसांनाही 'गोळ्या चुकतात का' हेच विचारले जात होते. डॉक्टरांनी त्यांना एकेक करून बोलावले आणि त्यांच्याही गोळ्या बदलल्या. वैनी त्या दिवशी अडून बसल्या नसत्या, तर हे कळायला किती उशीर झाला असता कोण जाणे. मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "कोण हायत ती, मला सांगू नगा. निस्तं बरी हायत न्हवं? मग झालं." पुढच्याच आठवड्यात त्यांची चंद्री नावाची लाडकी म्हैस व्याली आणि केवढे तरी पातेले भरून खरवस आमच्या जिन्यावर आला. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून आम्ही सगळे पायऱ्यांवर ओळीने बसून खाल्ला. शुभांगीताईंना सगळ्यात मोठी वडी मिळाली.

नव्या औषधाने काही महिन्यांत विषाणूंची संख्या इतकी खाली आली, की यंत्राला ते सापडेनात. 'सापडत नाही' हा शब्द वैनींना गमतीचा वाटला. "म्हंजे गेला?" गेला नाही, लपून बसलाय, गोळी घेत राहिलात तर तो गप्प राहील आणि तुमच्याकडून दुसऱ्या कोणाला जाणारही नाही, मी सांगितले. "मग बसंना का! आमच्या घरात दीर बसलाय की तसाच, फकस्त त्यो गप बसत न्हाय."

दिराचे प्रकरण एरवी हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. भाऊ गेल्यापासून त्याने एकच धरले होते: हा रोग हिने घरात आणला, दादाला हिने घालवले. वैनींचे ताट-वाटी वेगळे झाले, चहाचा पेला वेगळा झाला. सासूबाई बोलत काही नसत, पण पेला वेगळा ठेवत त्याच. वैनींना माहेरी पाठवायचे दोनदा ठरलेसुद्धा. पण चंद्री दुसऱ्या कोणाला धार काढू देईना, म्हणून दोन्ही वेळा बेत बारगळला. "म्हशीनं राखलं मला त्या घरात," असे वैनी हसून सांगत, पण ते सांगताना नखाने स्टुलाची कड खरवडत राहत.

कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा हे आमच्याकडे कळते, ही गोष्ट वैनींनीच घरी कौतुकाने सांगितली होती. दिराने ती धरून ठेवली. एक दिवस तो, सासूबाई आणि वैनी असे तिघे माझ्यासमोर येऊन बसले. दादाचेही रक्त त्या वेळी घेतले होते, तेही तुमच्या फ्रीझरमध्ये असणार, दोन्ही ताडून बघा आणि कोणाकडून कोणाला गेला ते एकदाचे सांगा, असे त्याचे म्हणणे. वैनी ताठ बसल्या होत्या. "बघाच ताई," त्या म्हणाल्या. "हून जाऊ दे काय त्ये." त्यांच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता, की मला त्यांच्याकडे पाहवेना.

मी सांगितले ते असे. ते नमुने औषधांसाठी दिलेले आहेत, घरचा न्याय करायला ते वापरता येणार नाहीत. आणि वापरले तरी उत्तर मिळणार नाही. नवराबायकोचे विषाणू एकमेकांच्या जवळचे निघतीलच; पण तो अमक्याकडून तमक्याकडे गेला, हे त्यावरून छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही.

"मग एवढं मशीन कशाला आणलंय?" दीर म्हणाला.

वैनींचा चेहरा उतरला होता.  मग त्यांनी मला हळूच विचारले, "म्हंजे मी त्येंला दिला, असं कुनाला म्हनता येत न्हाय?"

"नाही."

"आन त्येंनी मला दिला, असंबी म्हनता येत न्हाय?"

"तेही नाही."

"मग बरं झालं की." त्यांनी एकदम मोठा श्वास सोडला. "आत्याबाई, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? ह्यो मला म्हनतोय, मी दिला. आन मी मनात म्हनायचो, तुमच्या ल्योकानं दिला. त्ये गेल्यापास्नं फोटोला हार घातला न्हाय मी. देवाला फूल घालताना तिकडं बघायचो न्हाय. कुनालाच ठावं न्हाय म्हनत्यात ताई. मग मी बी कशाला राग धरू? आज हार घालतो."

 दीर खाली बघत होता. सासूबाई उठल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि त्याला म्हणाल्या, "तू आता ह्यो इषय घरात काढायचा न्हाईस. काढलास तर मी आन ही दोगी भायर पडतो, मग काढ चंद्रीची धार." खाली टपरीवर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. वैनींनी अर्धा पेला तसाच ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, 'वाया कशाला घालवायचा' असे म्हणत पिऊन टाकला आणि झपाझप पावले उचलत निघाल्या. वैनी मात्र त्या रिकाम्या पेल्याकडे पाहत तिथेच उभ्या राहिल्या, सासूबाईंनी रस्त्यावरून हाक मारीपर्यंत.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या पाडव्याला वैनींनी आम्हा सगळ्यांना पंचगंगेच्या घाटावर बोलावले. सजवलेल्या म्हशी मोटरसायकलच्या मागे पळवण्याचा आमच्याकडचा तो दिवस. शिंगांना रंग, पाठीवर नक्षी, गळ्यात घुंगरांचे पट्टे, शिट्ट्या आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. गाड्यांवर सगळे पुरुषच. एवढ्यात गर्दी फाकली आणि डोक्याला फेटा बांधलेल्या वैनी गाडी दामटत आल्या. मागच्या सीटवर त्यांच्या खांद्याला घट्ट धरून, भीतीने डोळे मिटलेला दीर. आणि त्यांच्या मागे शेपटी वर करून चौखूर उधळलेली चंद्री. "म्हस कुनाची?" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "माजीच की!" वैनींनी मान न वळवता उत्तर दिले. शुभांगीताई शिट्टी वाजवत होत्या. दोन बोटे तोंडात घालून बाई अशी शिट्टी वाजवू शकतात, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते.

वैनींचे दुसरे लग्न सासूबाईंनी लावले. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या वधूवर मेळाव्याला त्यांनीच वैनींना ओढून नेले. स्थळ निघाले कुरुंदवाडचे. घरात कानडी बोलणारे, धान्याचे छोटे दुकान असलेले, शांत स्वभावाचे विधुर गृहस्थ. होकार द्यायच्या आधी वैनी माझ्याकडे आल्या. "ताई, माझ्यातला आन त्येंच्यातला, दोगांची गाठ पडली तर काय हुतंय?" दोघांचेही विषाणू औषधाने गप्प असतील आणि गोळ्या चालू राहतील तर काळजीचे कारण नाही, मूलसुद्धा निरोगी होऊ शकते, असे डॉक्टरांनी त्या दोघांना समोर बसवून सांगितले. नवरदेव सगळे ऐकून "हौदु", म्हणजे कानडीत 'हो', एवढेच म्हणाले. "हे बरं हाय," वैनी म्हणाल्या. "मी इचारतो, त्ये हौदु म्हनत्यात. भांडान कुटनं हुनार?" निरोपाच्या वेळी सासूबाईंनी चंद्रीचा दोर वैनींच्या हातात दिला. दीर टेम्पो घेऊन आला होता. म्हैस चढवताना तो रडत होता आणि म्हशीने पाय दिला म्हणून रडतोय असे सांगत होता.

पुढे आमचा प्रकल्प संपला आणि मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत गेले. फोन चालू असत. वैनींना मुलगी झाली. गरोदरपणात त्यांच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता, बाळाला सुरुवातीचे आठवडे औषधही दिले होते, पहिल्या तपासण्या चांगल्या आल्या. पण शेवटचा, खात्रीचा निकाल मूल दीड वर्षाचे झाल्यावर मिळतो. वैनींनी जाहीर केले, तोवर बारसे नाही. "एकदा नाव ठिवलं की जीव गुततोय," त्या मला म्हणाल्या. एरवी कशालाही न घाबरणारी बाई हे बोलत होती. पोरीला सगळे नुसते 'बाळी' म्हणत. बाळी रांगली, बाळी चालली, बाळीने चंद्रीच्या पारडाची शेपटी ओढली, असे वर्तमान मला कळत राहिले.

निकाल आला त्या दिवशी त्यांचा फोन आला. फोनवर आधी काहीच ऐकू येईना, नुसता दुकानातला गलका. मग अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, बोलले. एरवी एका शब्दावर भागवणारे ते गृहस्थ घाईघाईने सांगत होते, "मॅडम, निगेटिव्ह. निगेटिव्ह हाय पोरगी. हिला रडू आवरंना, म्हणून मी बोलतोय. बारशाला यायचं. तुम्हीच आत्या."

मी रजा टाकून गेले. कुरुंदवाडच्या त्या घरात कानडी आणि मराठी बायका एकाच वेळी बोलत होत्या. पाळणा कळंब्याहून दीर घेऊन आला होता. सासूबाई आठ दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या आणि शेजारणींना 'माझी नात' म्हणून पोरगी दाखवत होत्या. अडचण एवढीच, की पोरगी पाळण्यात मावत नव्हती. निजवली की उठून बसे, बसवली की उभी राही, आणि काठाला धरून जमलेल्या सगळ्यांकडे मजेत बघे. शेवटी उभीच राहू द्या, असे ठरले. नाव सासूबाईंनी निवडले होते. मी वाकून तिच्या कानात कुर्र केले आणि हळूच म्हटले, "गौरी." तिने कान खांद्याला घासला, माझ्याकडे नीट पाहिले आणि मी सरळ उभी राहायच्या आत सगळ्या घराला ऐकू जाईल असे सांगून टाकले, "गौई!"

मग आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा कार्यक्रम झाला. शुभांगीताईंनी हात धुवून घेतला, कानडी बायकांनी घेतला, सासूबाईंनीही वयाच्या मानाने बराच जोर लावला. पण वैनींचा हात म्हशीच्या धारा काढलेला. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला कामावर हजर झाले, तर खुर्चीला पाठ टेकली की कळ यायची. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काळजीने विचारले, पाठीला काय झालं?

"काही नाही," मी म्हटले. "मी आत्या झाले."